नीप शब्दाचे उतेकरभाऊ

टाइपरायटरवर भराभर चाललेले हात मध्येच थांबले की समोर बसलेल्या पक्षकाराच्या पोटात गोळा येतो. त्याला वाटतं, आपल्या सातबाऱ्यात काहीतरी निघालं. उतेकरभाऊंसमोर बसणाऱ्यांच्या पोटात हा गोळा दिवसातून दोनदा तरी यायचा, आणि कागदात काहीही निघालेलं नसायचं. भाऊंना एखादा शब्द आवडलेला असायचा, एवढंच.

महाडला तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानाच्या पायरीशी, पत्र्याच्या पडवीखाली, उतेकरभाऊ टाइपरायटर मांडून बसत. ती जागा त्यांना माझ्या सासऱ्यांनी दिली होती. मी लग्न होऊन आले तेव्हा दुकानातल्या लाकडी कपाटासारखेच तेही तिथे आधीपासून होते. उंच, थोडे वाकलेले, पांढरा सदरा, कानावर पेन्सिल. गाव पोलादपूर तालुक्यात, एसटी जिथे सोडते तिथून वर दीड तासाची चढण. अकरावी झाल्यावर टायपिंग शिकायला म्हणून खाली महाडला आले ते इथेच राहिले. लग्न केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलंच तर "राहून गेलं" म्हणायचे, जसं काही बाजारातून कोथिंबीर आणायची राहून गेली.

त्यांच्याकडे पुठ्ठा निघालेली एक जाडजूड इंग्रजी डिक्शनरी होती. तिच्यात नुसते अर्थ नव्हते, शब्द कुठून आला तेही दिलेलं होतं, आणि भाऊंचा सगळा जीव त्या दुसऱ्या भागात. मी दुकानात बसायला लागले त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "वहिनी, झेरॉक्स म्हंजे काय, ठाऊक हाय?" मी म्हटलं, कॉपी. "नाय. कोरडं. ग्रीक भाषेत कोरडं." बाहेर धो धो पाऊस, माझे कागद सर्दावलेले, मशीन दर तिसऱ्या पानाला अडकतंय, आणि हा माणूस मला कोरडं म्हणजे काय ते सांगतोय. मला तेव्हा त्यांचा रागच आला होता.

प्रतिज्ञापत्र करायला आलेल्या प्रत्येकाला ते अॅफिडेव्हिटचा उगम सांगत. "ह्याच्या पोटात विश्वास हाय. लॅटिन. म्हंजे मी विश्वासावर सांगतो असं. आता बोल, जन्मतारीख खरी हाय ना?" निम्मे लोक तिथेच जन्मतारीख बदलायचे. वकील लोक वैतागत, पण टायपिंगमध्ये एक चूक सापडायची नाही म्हणून गिऱ्हाईक तुटलं नाही. कचेरीत कॉम्प्युटर आले, समोर दोन पोरांनी डीटीपीची दुकानं टाकली, तरी म्हाताऱ्या माणसांना भाऊच लागत. ऐकून घेणारा टायपिस्ट दुसरा नव्हता.

आवडलेला शब्द ते जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर टाइप करून ठेवत. एका शब्दाला एक पत्रिका. फक्त एका शब्दाच्या पत्रिका वाढत वाढत गड्डी झाली होती. तो शब्द नीप.

तो त्यांना कसा भेटला ते मी बघितलंय. दासगावकडचे एक गृहस्थ आजोबांच्या वेळच्या इंग्रजी कागदाची नक्कल टाइप करून घ्यायला आले होते. आजोबांचं मालाचं गलबत होतं, खाडीतून कौलं घेऊन महाडपर्यंत यायचं. कागदात लिहिलं होतं की गलबत गावाच्या खालच्या अंगाला "नीप्ड" होऊन पडल्यामुळे माल पोचायला तेरा दिवस उशीर झाला. भाऊंचे हात थांबले. गृहस्थ घाबरले. भाऊंनी डिक्शनरी उघडली आणि मग पुढचा अर्धा तास ती अर्धवट नक्कल तशीच रोलरला लटकत राहिली.

नीप म्हणजे भांगाची भरती. बाहेरच्यांना हे सांगावं लागतं. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण असतं, पाणी जोरात वर चढतं. अष्टमी-नवमीच्या भरतीत तो जोर नसतो, ती भांगाची. उधाणाच्या पाण्यावर आत आलेलं गलबत तळाला टेकलं की भांगाच्या पाण्याने ते उचललं जात नाही, पुढच्या उधाणाची वाट बघत पडून राहतं. त्या पडून राहिलेल्या गलबताला नीप्ड म्हणायचं. एवढ्या सगळ्या हकीकतीला इंग्रजीत एक शब्द आहे याचाच भाऊंना इतका आनंद झाला की त्यांनी त्या गृहस्थांना स्वतःच्या हाताने चहा आणून दिला.

पण त्याच पानावर खाली लिहिलेलं होतं, मूळ अज्ञात.

हे त्यांना लागलं. "हजार वर्षांचा शब्द, आणि बापाचं नाव ठाऊक नाय? असं कसं?" त्या दिवसापासून ते नीपच्या मागे लागले. जवळजवळ तसाच एक शब्द सलगमाला आहे, त्याचं मूळ मात्र लॅटिनमध्ये सापडतं, हे कळल्यावर त्यांनी मला सलगम म्हणजे काय ते विचारलं. महाडच्या बाजारात ते कुणी पाहिलेलं नव्हतं. माझे दीर मुंबईहून येताना दोन सलगम घेऊन आले. भाऊंनी ते स्टोव्हवर उकडून, मीठ लावून खाल्ले, आणि पत्रिकेवर टाइप केलं: "सलगम. भरतीशी संबंध नसावा. चव नाही." अमेरिकेत कुठे बैलगाडीच्या पुढच्या दांड्यालाही नीप म्हणतात, हे सापडलं तेव्हा ते दोन दिवस गाडीवाल्यांना दांड्याबद्दल विचारत फिरले. त्यातूनही काही निघालं नाही.

मग एकदा त्यांना खरोखरच घबाड मिळालं. संस्कृत शिकवणाऱ्या एका मास्तरांनी सांगितलं की नीप हा शब्द आपल्याकडेच आहे. कदंबाच्या झाडाला नीप म्हणतात, आणि खोलगट जागेला, डोंगराच्या पायथ्यालाही. नि आणि अप्, खाली आणि पाणी. भाऊ दुकानात धावतच आले. "वहिनी, आपलाच हाय गो शब्द! खाली गेलेलं पाणी!" त्यांनी विलायतेतल्या डिक्शनरीच्या कचेरीला दोन पानी पत्र टाइप केलं. मी त्याच्या चार प्रती काढल्या. तीन महिन्यांनी उत्तर आलं. मजकूर फार सभ्य होता. भाऊंनी तो मला मराठीत सांगितला: "नाक सारखं असलं म्हंजे भाऊ नसतात, असं म्हणतायत." पण शेवटी त्या लोकांनी एक गोष्ट कळवली होती. फार जुन्या इंग्रजीत एका ठिकाणी हा शब्द आलेला आहे, आणि तिथे त्याचा अर्थ 'पुढे जायचा जोर नसलेला' असा लागतो. त्याच्या मागे काय, ते कुणालाच माहीत नाही.

मी म्हटलं, "भाऊ, हे तर तुमचंच वर्णन झालं." ते हसले आणि म्हणाले, "म्हणून तर सोडवत नाय."

शब्दाच्या नादाने भाऊ पाण्याच्या हिशेबात शिरले, आणि तिथे मात्र गावाने त्यांना मानलं. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला खाडीच्या मुखाशी बाणकोटला भरती, तिथून पाणी आमच्या अंगाला यायला आणखी वेळ. हे कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पण भाऊ डोंगरातले, त्यांनी ते नव्याने शिकलेलं, म्हणून त्यांना त्याचं फार अप्रूप. पावसाळ्यात सावित्रीला पाणी आलं आणि खाडीला उधाण असलं की पाणी उतरत नाही, तुंबून बाजारपेठेत शिरतं. भांग असला की चढलं तरी ओसरतं. पावसाचा जोर वाढला की दुकानदार भाऊंकडे यायचे. "भाऊ, माल वर घेऊ का?" भाऊ कॅलेंडरकडे बघून सांगायचे, "उधाण हाय, उचला," किंवा "भांग हाय, ऱ्हाऊ द्या." सात-आठ वर्षं त्यांचं एकदाही चुकलं नाही.

आमच्या मागच्या गल्लीत नाना साळव्यांचा गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक लांब शेड, भिंतीला फळ्या, आणि फळ्यांवर शाडूचे गणपती. आमच्याकडे मूर्ती सांगायची म्हणजे घरचा पाट नेऊन द्यायचा. पाटावरच नाना मूर्ती घडवतात, आणि चतुर्थीला माणूस आपल्याच पाटावरून आपला गणपती घरी नेतो. काही घरांचे पाट तीन पिढ्यांचे आहेत. नाना आणि भाऊ रोज संध्याकाळी माझ्या पायरीवर चहा प्यायचे. नाना बोलके, भाऊ त्याहून बोलके, दोघं एकाच वेळी बोलायचे आणि दोघांनाही सगळं ऐकू यायचं.

त्या वर्षी आषाढ वद्य अष्टमीला सकाळपासून पाऊस कोसळत होता. नाना छत्री न घेताच आले. दीडशेच्या वर मूर्ती होत्या, बऱ्याचशा ओल्या.

"भाऊ, हलवू का रे वर माळ्यावर? कच्ची माती हाय. हलवल्या तर हात तुटतील, सोंडा जातील. नाय हलवल्या आणि पाणी आलं तर सगळंच जाईल. तू सांग."

भाऊंनी कॅलेंडर बघितलंसुद्धा नाही. त्यांना तिथी पाठ होती. "आज अष्टमी. खाडीत जोर नाय. चढलं तरी चौकापत्तूर येईल नि मागं फिरंल. नको हलवू."

नाना निश्चिंत होऊन गेले.

पाणी दुपारी आलं. ते खाडीचं नव्हतंच. वर पोलादपूरच्या डोंगरात रात्रभर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला होता, आणि ते लाल, मुळांसकट झाडं घेऊन येणारं पाणी खाडी रिकामी आहे की भरलेली हे बघत थांबलं नाही. दोन तासांत आमच्या गल्लीत छातीइतकं झालं. आम्ही दुकानाच्या माळ्यावर बसलो होतो. भाऊ खिडकीशी होते. ते म्हणाले, "नाना कुठं असंल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर कारखान्यात गेले. नाना आणि त्यांचा मुलगा मंगेश, दोघांनी मिळून अकरा मूर्ती वर नेल्या होत्या. बाकीच्या फळ्यांवर मातीचे ढेपाळलेले गोळे होते. एका गोळ्याला अजून सोंडेचा आकार होता. खालच्या फळ्यांवरचे पाट पाण्याबरोबर वाहून गेले होते. नाना फावड्याने चिखल ओढत होते.

"नाना, मी चुकलो," भाऊ म्हणाले.

नानांनी त्यांच्याकडे बघितलं, आणि परत फावडं चालवायला लागले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं मला त्या वेळी वाटलं. नाना रागावले की शिव्या देत, आणि मग अर्ध्या तासात चहाला येत. या वेळी ते एक शब्द बोलले नाहीत, आणि पुढेही बोलेनात.

भाऊ परत आले, टाइपरायटरवरचा चिखल पुसला, त्यावर गोणपाट टाकलं. मला म्हणाले, "वहिनी, मी डोंगरातला माणूस. माझ्या गावात पाऊस कसा पडतो ते मला ठाऊक. आणि मी मेला खाडीकडं तोंड करून बसलो गो." मी पण आदल्या दिवशी सकाळी त्यांच्या भरवशावर कागदांचे रीम खालीच ठेवले होते, पण ते मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

चतुर्थीला सव्वा महिना होता. भाऊ पाट शोधायला निघाले. कुंपणांवर, शाळेच्या आवारात, नदीच्या वळणावर बांबूच्या बेटात अडकलेले पाट त्यांनी चिखलातून ओढून काढले. पंधरा दिवसांत शंभराच्या वर जमले. काहींवर रंगाने नाव होतं, ते टिकलं होतं. बाकीचे खडूने, कोळशाने लिहिलेले, ते धुतले गेले होते. लाकूड सगळं एकसारखं फुगलेलं.

मग ते घरोघर फिरले. डोक्यावर सात-आठ पाटांची चळत. दारात उभं राहून आधी एकच वाक्य बोलायचे: "तुमचा गणपती माझ्या सांगण्यानं गेला. नानाचा दोष नाय." त्यानंतर पाटाचं. पाट दाखवून हा तुमचा का, असं ते विचारत नसत, कारण असं विचारलं की माणूस हो म्हणतो. ते पाट पाठीमागे उलटा धरायचे आणि म्हणायचे, "तुमच्या पाटाची खूण सांगा."

आणि लोकांना खुणा आठवायच्या. वर्षातून एकदा वापरायची वस्तू, पण कुठल्या पायाला चीर आहे, कुठे पितळी फुली निखळली आहे, सगळं पाठ. काही जण चिडले. एका माणसाने भाऊंना दारातूनच हाकललं, वाटेल ते बोलला. भाऊ उभे राहून सगळं ऐकून घेत होते, आणि तो दमल्यावर म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. आता खूण सांगा." त्याने सांगितली.

नाते गावाला मी त्यांना माझ्या स्कूटरवरून घेऊन गेले होते. तिथे एक म्हातारी ओटीवर बसली होती. भाऊंचं वाक्य ऐकून ती म्हणाली, "अरे, बुडायचाच असतो तो. यंदा जरा घाई झाली त्याला. बस, पाणी पी." मग म्हणाली, "माझ्या पाटाचा एक कोपरा जळलाय. माझं लगीन झालं त्या वर्षी निरांजन पडलं नि सासूनं मला बोल लावला." भाऊंनी पाट पुढे केला. कोपरा काळा होता. म्हातारीने त्यावरून हात फिरवला, आणि भाऊ तिच्या ओटीवर बसून रडायला लागले. साठीच्या पुढचा माणूस असा रडताना मी पहिल्यांदा पाहिला. मलाही रडू आलं. म्हातारीनेच दोघांना चहा दिला.

उरलेला वेळ ते कारखान्यात असत. सकाळी माझं दुकान उघडायच्या आधी जायचे, शाडू भिजवायचे, तुडवायचे, गोळे करून द्यायचे. नानांनी त्यांना ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मूर्ती लहान करायच्या ठरल्या, हातभराऐवजी वीतभर, म्हणजे वेळेत सुकतील. शेडमध्ये दिवसभर शेगड्या पेटलेल्या. नाना हातभर अंतरावर बसलेल्या भाऊंशी न बोलता मंगेशला सांगायचे, "त्यांना सांग, पाणी जास्त झालंय." मंगेश मान वळवून म्हणायचा, "काका, पाणी जास्त झालंय." भाऊ म्हणायचे, "बाबांना सांग, कमी करतो." दोघांचे चहाचे कप मी रोज एकाच ट्रेमध्ये नेत होते. ते वेगवेगळ्या वेळी उचलले जायचे.

मी एकदा नानांना एकटं गाठून म्हटलं, आता पुरे करा. नाना म्हणाले, "मी त्याला इचारलं होतं. इचारायला नको होतं, ही माझी चूक. आता परत कशाला तोंड उघडू?" भाऊंनाही हे ठाऊक होतं. नीपच्या गड्डीला त्यांनी त्या दिवसांत हात लावला नाही, पण त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. मूर्ती पुऱ्या होतील याचीही त्यांना खात्री होती. नाना परत कधी काही विचारतील का, एवढीच एक गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती. ते रोज संध्याकाळी पायरीवर एकटे चहा पिताना गल्लीच्या तोंडाकडे बघायचे.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत जवळपास सगळ्यांचे गणपती गेले. डोक्याला टोपी, हातात रुमाल, माणसं येत होती, आपापला पाट उचलत होती. रंग अगदी साधा होता, मूर्ती लहान होत्या, पण रिकाम्या हाताने कुणी परत गेलं नाही. शेवटी पोलादपूरचा एक गणपती राहिला. त्या घरची माणसं न्यायला येऊ शकत नव्हती, कुणीतरी पोचवायला हवा होता. मंगेश रात्रभर जागून भिंतीला टेकून झोपला होता. भाऊ गणपतीला गावी निघालेले, हातात पिशवी. रिक्षा दारात उभी. मी त्यांना शेवटचं बघितलं ते तेव्हाच, कारण त्या खेपेला ते वर गावी गेले आणि तिथेच तापाने आजारी पडून दसऱ्याच्या आधी वारले.

भाऊ मूर्तीकडे बघत दारात उभे होते. आपण नेतो म्हणायची त्यांची हिंमत होत नव्हती. पोलादपूरच्या बाजूला आभाळ भरून आलं होतं. नाना शेडच्या बाहेर आले, त्यांनी हात लुंगीला पुसले, वर बघितलं.

"भाऊ," ते म्हणाले, "वाटेत लागंल का रे पाऊस?"

मी हातातला ट्रे खाली ठेवला. भाऊंनी पिशवी खाली ठेवली. ते रस्त्याच्या मध्यावर गेले आणि डोंगराकडे बराच वेळ बघत राहिले. रिक्षावाल्याने हॉर्न दिला, तरी ते हलले नाहीत. मग परत आले.

"ठाऊक नाय रे, नाना," ते म्हणाले.

नानांनी मान हलवली. मला म्हणाले, "वहिनी, मोठं प्लास्टिक असंल तर द्या." मी दुकानातून आणून दिलं. भाऊ रिक्षात बसले. नानांनी मूर्ती प्लास्टिकमध्ये गुंडाळली, पाटासकट उचलली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

"धर नीट," नाना म्हणाले.